चौदा आणे तयार

एप्रिलमध्ये रत्नागिरी-देवगडकडच्या एखाद्या आंब्याच्या बागेत तोडणी चालू असताना कलमाखाली जाऊन उभं राहावं. ऊन चढायच्या आत काम उरकायचं असतं, त्यामुळे बोलणं तुटक असतं आणि त्या तुटक बोलण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. हा तयार. तो नाही. त्या फांदीवरचे दोन तयार, तिसरा राहू दे. वर चढलेला गडी लांब बांबूचा झेला एका फळापाशी नेतो, क्षणभर थांबतो आणि फळाला न शिवता पुढच्याकडे वळतो. खालून बघणाऱ्याला दोन्ही फळं सारखीच हिरवी.

त्याला जे दिसतं ते असं. कोवळ्या आंब्याचे खांदे उतरते असतात, देठापासून फळ सरळ खाली घसरल्यासारखं दिसतं. फळ भरत आलं की खांदे फुगतात, देठाच्या वर येतात आणि देठ जणू खळग्यात बसतो. गर्द हिरवा रंग किंचित उजळतो. शंका असेल तर फळ पाण्यात टाकून बघतात. कोवळं तरंगतं, भरलेलं बुडतं. मग झेल्याच्या पात्यावर देठ कापला जातो आणि फळ जाळीत पडतं. देठ थोडा ठेवूनच कापायचा, नाहीतर चीक ओघळून सालीवर काळा डाग पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'नूतन झेला' काढला तो याचसाठी, की फळ देठासकट आणि जमिनीवर न आपटता हाती यावं.

या अवस्थेला बागायतदार 'चौदा आणे तयार' म्हणतात. १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया इतिहासजमा झाला, पण आंब्याच्या हिशेबात आणे अजून चालतात. चौदा आणे म्हणजे शेकड्यात पंच्याऐंशीच्या आसपास. लांबच्या बाजारात जाणारं फळ चौदा आण्यांवरच काढायचं. उरलेले दोन आणे झाडावर व्हायचे नसतात. ते पेटीतल्या पेंढ्यात, ट्रकमध्ये, वाशीच्या बाजारात आणि शेवटी कुणाच्या तरी घरी आढीत होतात.

झाडावरच सोळा आणे होऊ दिलं तर काय होतं? पाडाचा आंबा मिळतो आणि त्याच्यासारखी चव दुसऱ्या कशाला नाही, हे मी मनापासून मानतो. पण तो झाडाखालीच खायचा आंबा. तो मुंबईला पोचत नाही. शिवाय हापूस जास्त दिवस झाडावर राहिला तर साक्याची भीती वाढते. वरून फळ देखणं, कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर. तापलेल्या जमिनीची धग हे साक्याचं एक कारण सांगितलं जातं. दुसरं कारण शास्त्रज्ञांना आतल्या कोयीत सापडलं. फळ झाडावर असतानाच ती रुजण्याच्या मार्गाला लागते आणि भोवतालच्या गराचा पोत बिघडतो.

या पुस्तकात आपत्तींबद्दल, पूर-वादळांबद्दल बरंच येणार आहे. त्याआधी आंब्यापाशी थांबलो, कारण 'तयार' या शब्दाचा खरा अर्थ मला तिथे कळला. आपण तयारी म्हणतो तेव्हा मनात सोळा आणे असतात. सगळं झालं, काही उरलं नाही, आता येऊ दे काय यायचं ते. आंबा काढणारा माणूस तसं म्हणत नाही. त्याच्या लेखी तयार म्हणजे पुढचा प्रवास सोसेल इतका भरलेला आणि त्या प्रवासात पिकायला जागा ठेवलेला.

शब्दांच्या पोटात शिरलं तर हेच जरा वेगवेगळ्या रूपांत दिसतं. 'तयार' आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. मूळ अरबी धातू उडण्याचा. जुने कोशकार त्याचा संबंध शिकारी ससाण्याशी जोडतात. पिसं झडून नवी पिसं पुरती आली, पक्षी पुन्हा उडायच्या लायक झाला, की पाळणारा त्याला 'तय्यार' म्हणायचा. मधला पिसं झडण्याचा काळ पक्ष्याला बसून काढावा लागतो. बाहेरून तो आळशी दिसतो, शिकारीला नेता येत नाही, खायला मात्र घालावं लागतं. तयारीचे दिवस बहुतेक वेळा असेच दिसतात, खर्चाचे आणि बिनकामाचे.

'सज्ज' हा संस्कृतातून आलेला. त्याच्या मुळाशी 'सज्य' आहे, म्हणजे ज्या चढवलेलं, प्रत्यंचा ओढून बांधलेलं धनुष्य. धनुष्याची दोरी काम नसताना उतरवून ठेवायची असते. कायम ताणून ठेवलं तर लाकडाचा जोर जातो. म्हणजे सज्ज ही चोवीस तासांची अवस्था नव्हे. वेळ आली की झटकन दोरी चढवता येणं ही सज्जता. संकटाच्या भीतीने सतत ताठ राहणारी माणसं आणि सतत 'हाय अलर्ट'वर असलेल्या यंत्रणा का थकतात, ते या एका शब्दात आलं आहे.

तिसरा शब्द 'सिद्ध', आणि तो थेट चुलीवरचा आहे. आपलं 'शिजणं' त्याच कुळातलं. संस्कृतात सिद्ध म्हणजे शिजलेलंसुद्धा. गंमत अशी की त्याच शब्दापासून आलेला आपला 'शिधा' मात्र कोरडा, न शिजवलेला. डाळ, तांदूळ, पीठ, मीठ. एकाच शब्दाची दोन लेकरं, एक शिजलेलं अन्न आणि एक शिजवता येईल असं सामान. शिधा बरोबर घेऊन निघालेल्या माणसाला मी शिजवलेला डबा घेतलेल्या माणसापेक्षा जास्त तयार समजेन. डबा संध्याकाळी आंबतो.

आणि गाण्यातली 'तयारी'. गळा तयार आहे, हात तयार आहे, असं आपण म्हणतो ते स्वर कुठे लावायचा याचा विचार गवयाला करावा लागत नाही म्हणून. हजार वेळा घोटलेला पलटा आता त्याला विचारून येत नाही, आपसूक येतो. जाणकार मात्र नुसत्या तयारीवर भाळत नाहीत. तयारी आहे, गाणं कुठंय, असंही विचारतात. दोन आणे मैफलीत पिकायचे असतात.

आता कोकणातच राहून मे महिन्यात येऊ. आपल्या मुलखात तयारीचं सगळ्यात जुनं, सगळ्यात पक्कं शास्त्र कुठलं असेल तर ते आगोटीचं. आगोट म्हणजे पावसाळा तोंडावर आलेले दिवस, आणि त्या दिवसांत भरून ठेवायचं सामानही आगोटच. 'आगोट भरली का?' हा मे अखेरीचा प्रश्न. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मृग लागला की व्हाळ फुगायचे, साकव बुडायचे, बाजाराची वाट बंद व्हायची, समुद्रात होडी घालता यायची नाही. चार महिने घर हेच गलबत. मग त्या गलबतात काय काय हवं, याची यादी पिढ्यांनी पाठ करून ठेवली.

तांदूळ, मीठ, मिरच्या, कुळथाचं पीठ. आमसुलं सुकवून बरणीत. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात. आंब्याची साठं, पापड, फेण्या, सांडगी मिरच्या. मासे खाणाऱ्या घरात सुके बोंबील, जवळा, सुकट, खारवलेले बांगडे. लाकूडफाटा चिरून पडवीत किंवा माळ्यावर, वाळलेल्या शेणी रचून. गुरांसाठी पेंढ्याची उडवी, वरून नीट शाकारलेली. मातीच्या भिंतींना पावसाची झड लागू नये म्हणून माडाच्या झावळ्या विणून केलेले झाप. भातासाठी राब भाजून ठेवलेला. गडग्याचे ढासळलेले दगड परत लावलेले, घरामागचा पाण्याचा चर उपसलेला. बंदरावर होड्या वर ओढून शाकारलेल्या. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ती सरकारी अधिसूचना अलीकडची, पण पावसाळ्याच्या तोंडाशी होडी वर घ्यायची रीत फार आधीची.

गोव्यात याच बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'चं हे गोवेकरांच्या तोंडी बसलेलं रूप. मडगावच्या होली स्पिरिट चर्चचं फेस्त पावसाळ्याच्या तोंडावर येतं आणि त्या वेळी भरणारा बाजार लोक 'पुरुमेंताचं फेस्त' म्हणूनच ओळखतात. देव, बाजार आणि पाऊस यांची अशी एकत्र तारीख पडली की तयारीची आठवण कुणी कुणाला द्यावी लागत नाही. आगोटीची मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट हीच. कुणाला धीर धरून, मनाशी ठरवून, घाबरून हे करावं लागत नव्हतं. ते सणासारखं येत होतं.

माझ्या लहानपणी आत्याच्या घरी मे महिन्यात कौलं परतायचा दिवस असायचा. तो पाहिलेला नसेल तर सांगतो. दोन माणसं वर चढतात, अनवाणी. पाय कौलावर नव्हे, खालच्या रिपेच्या रेषेत पडला पाहिजे. एक एक कौल उचलायचं, उलटं करून त्यातला पाचोळा, शेवाळ, उंदरांनी नेऊन ठेवलेल्या सुपाऱ्या झाडायच्या. बोटाच्या पेराने टिचकी मारायची. पक्कं कौल खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं की खाली पास. खालून नवं वर. वानरांनी वर्षभर नाचून केलेली सगळी नासधूस त्या दिवशी आवाजाने पकडली जायची. आत्या अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि डोळे मिटून ऐकायची. मध्येच म्हणायची, "अरे, ते तिसरं पुन्हा वाजव." ती वर न चढता छप्पर तपासत होती.

या सगळ्याला मराठीत जो शब्द आहे तो मला फार आवडतो. बेगमी. आज आपण तो 'साठा' या अर्थाने वापरतो. पण त्याचं घर फारसी आहे, बे-गम, म्हणजे चिंता नसलेला. बेगमी म्हणजे मूळ निश्चिंती, आणि मग जे भरून ठेवल्याने निश्चिंती येते ते सामान. आपल्या भाषेने मनाच्या एका अवस्थेचं नाव तांदळाच्या कणगीला दिलं.

आगोटीची मर्यादाही सांगायला हवी. पाऊस दर वर्षी येतो, साधारण ठरल्या तारखेला येतो आणि कसा येतो हे आजीपासून सगळ्यांना ठाऊक असतं. पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटाची आगोट कशी भरायची? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा कोकणातली घरं पावसासाठी तयार होत होती. वाऱ्यासाठी नव्हती. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. माड-पोफळ लावल्यापासून हाताशी यायला वर्षं जातात. ती बेगमी कुठल्या पडवीत ठेवता येत नाही.

इथे 'तयार'चा आणखी एक अर्थ पुढे येतो, आणि तो मराठी माणूस दिवसातून दहा वेळा वापरतो. 'तू यायला तयार आहेस का?' यात सामान बांधलं का, असं विचारलेलं नाही. तुझी मर्जी आहे का, असं विचारलं आहे. 'माझी तयारी आहे' म्हणजे माझं मन आहे. 'मुलगी तयार नाही' यात सगळं आलं. पूर्वतयारी आणि राजीखुशी, दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द. हे भाषेचं दारिद्र्य नसून शहाणपण आहे असं मला वाटतं, कारण पहिली तयारी दुसरीवाचून पांगळी असते. याचा सगळ्यात भयंकर पुरावा बंगालच्या उपसागराच्या टोकाला आहे.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री मेघनेच्या मुखाशी, भोला बेटाच्या परिसरात चक्रीवादळ चढलं. तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता. समुद्र भरतीच्या वेळी आत घुसला. मृतांचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. वादळाने इतकी माणसं मेल्याची नोंद दुसरीकडे नाही. आणि मन सुन्न करणारी गोष्ट अशी, की वादळ येतंय हे लोकांना ठाऊक होतं. रेडिओवरून इशारे दिले गेले होते. नंतरच्या पाहणीत दिसलं की त्या भागातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना वादळाची कल्पना होती. पक्क्या इमारतीत आसऱ्याला गेले ते जेमतेम एक टक्का.

का गेले नाहीत? अडाणी होते, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे आणि ते खोटं आहे. पहिलं म्हणजे जायचं कुठे? नदीच्या गाळाने बनलेली सपाट चरं, मैलोन्‌मैल उंचवटा नाही. पक्की इमारत एखादीच, तीही लांब. दुसरं, गोठ्यातली गाय. ज्याची सगळी दौलत दावणीला बांधलेली आहे, तो माणूस ती तिथेच टाकून रात्री पावसात निघत नाही. तुम्ही-आम्हीही निघालो नसतो. त्याला इशारा मिळाला होता, तो तयार नव्हता, आणि 'तयार नव्हता' हे इथे दोन्ही अर्थांनी वाचावं.

बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर त्या देशाने जे केलं ते जगाने शिकावं असं आहे. रेड क्रॉसच्या सोबतीने चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम उभा राहिला. गावोगावचे स्वयंसेवक, हातात कर्णा, सायरन आणि निशाणं. धोका वाढत जाईल तशी एक, दोन, तीन निशाणं वर चढतात, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही लांबून कळावं. हा इशाऱ्याचा भाग झाला. पण मला जास्त मोठं वाटतं ते दुसरं काम. त्यांनी मातीचे उंच, रुंद, माथा सपाट केलेले ढिगारे उभे केले. लोक त्यांना 'मुजीब किल्ला' म्हणतात. हे किल्ले गुरांसाठीही होते. माणूस गाय सोडून येत नाही ना, मग गायीची सोय आधी करा. एखाद्या सरकारी नकाशावर गुरांसाठी मातीचा ढीग येतो, तेव्हा समजावं की कुणीतरी लोकांच्या अंगणात बसून त्यांचं ऐकलं आहे.

खांबांवर उभ्या असलेल्या निवाऱ्याच्या इमारती बांधल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा एरवी शाळा म्हणून वापरल्या. आपत्ती व्यवस्थापनाच्या भाषेत याला जागेचा बहुउद्देशीय वापर म्हणतील. मला त्यात वेगळं दिसतं. पोर रोज त्या जिन्याने चढतं. त्याच्या पायांना कोणती पायरी फुटकी आहे ते माहीत असतं. काळ्याकुट्ट रात्री आईबापांचा हात धरून तेच पोर त्यांना वर नेतं. कुलूप लावून, रंग देऊन, 'आपत्कालीन' पाटी लावून ठेवलेल्या इमारतीकडे लोक संकटात धावत नाहीत, कारण ती वाट त्यांची नसते.

तरी १९९१ च्या एप्रिलमध्ये चितगावच्या किनाऱ्यावर पुन्हा सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. त्यांत बायका फार होत्या. पुरुष घरी नसताना निघायचं कसं हा प्रश्न, कडेवर मूल, पाण्यात पायांत अडकणारी साडी, आणि निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची लाज. हेही मनाच्या तयारीचेच प्रश्न. मग निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या, वेगळे संडास आले, आणि दारात येऊन 'चल' म्हणणाऱ्या स्वयंसेवकांत बायका वाढत गेल्या. आज स्वयंसेवकांची संख्या पाऊण लाखाच्या घरात आहे आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास स्त्रिया आहेत. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये 'सिद्र' हे प्रचंड चक्रीवादळ त्याच देशावर आदळलं. मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास. वादळं एकासारखं एक नसतात, हे धरूनही तीन लाख आणि साडेतीन हजार यांच्यामध्ये काय आहे हे विचारावंच लागतं. मधे गायींचे ढिगारे आहेत, शाळेचे जिने आहेत, आणि 'चल' म्हणणारी ओळखीची बाई आहे.

आपल्या देशात हा धडा ओडिशाने गिरवला. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. त्याच वर्षाअखेरीस राज्याने आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र संस्था काढली, देशातली पहिली. पुढे किनाऱ्यावर आठशेहून अधिक निवारे झाले, गावांत पथकं झाली, वादळ नसताना वादळाचे सराव होऊ लागले. १२ ऑक्टोबर २०१३ ला 'फायलिन' गोपाळपूरजवळ चढायच्या आधी दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली होती. मृत्यू पन्नासच्या आत राहिले. दहा लाख माणसं दोन दिवसांत घर सोडायला तयार होतात, हे एका आदेशाने होत नाही. चौदा वर्षं सरावात घोटलेलं ते त्या दोन दिवसांत गळ्यातून आलं.

आणि जिथे इशाराच मिळत नाही तिथे? ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि धाराशिवकडची गावं झोपेत गाडली गेली. सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळपास आहे. दख्खनचं पठार म्हणजे अढळ खडक, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी समजूत होती. तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशावर तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आणि माणसं मारली ती त्यांच्याच भिंतींनी. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या दोन-अडीच फूट जाड दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचं टनावारी वजन. अशी भिंत खरं तर दोन पातळ भिंतींची असते, बाहेरची एक, आतली एक, मधे दगडगोटे आणि माती. हादरा बसला की दोन्ही एकमेकींपासून सुटतात.

त्यावरचा उपाय ऐकायला अगदी साधा आहे. भिंत रचताना ठराविक अंतरावर बाहेरून आतपर्यंत पोचणारा एकेक लांब दगड आरपार घालायचा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. चारी भिंती बांधून ठेवणारा एक पट्टा वरून फिरवायचा. भूकंपानंतर गवंड्यांना हे शिकवलं गेलं. हा आरपारचा दगड घर पुरं झाल्यावर कुणाला दिसत नाही. तो कुठल्या यादीत नसतो, त्याचा सराव करावा लागत नाही, त्याला कुणाची मर्जी लागत नाही. पहाटे चार वाजता घरातले सगळे झोपलेले असताना तो एकटा जागा असतो. अशी तयारी भिंत चढत असतानाच घालायची असते, गिलावा झाल्यावर नाही, आणि ती घालायला सांगणारा गवंडी गावात असावा लागतो.

भिंतीवरून पुन्हा छपरापाशी येतो. आत्याच्या घरी कौलं परतून झाल्यावर संध्याकाळी सगळे ओटीवर दमून बसायचे. गडी म्हणायचे, यंदा थेंब येणार नाही. आत्या मान हलवायची, त्यांना चहा द्यायची आणि आत जायची.

एका वर्षी पहिला पाऊस मध्यरात्री आला. कोकणात पहिला पाऊस येतो तेव्हा घरात कुणी झोपेत राहत नाही. कौलांवर आधी टपटप, मग एकसंध धार. आम्ही पोरं अंथरुणात उठून बसलो आणि काळोखात कान देऊन ऐकू लागलो. वीज गेलेली. बराच वेळ काही नाही. मग मधल्या घराच्या कोपऱ्यात, देवघराच्या अलीकडे, एक थेंब जमिनीवर पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरा.

आत्या उठली. तिने कंदील लावला नाही, काडीही ओढली नाही. त्या काळोखात चार पावलं गेली, आणि तिसरा थेंब पडला तो पितळेच्या पातेल्यात. पातेलं तिने संध्याकाळीच तिथल्या भिंतीशी उपडं घालून ठेवलं होतं.